कोरियाची नाणी दुरून विकत घेताना

नाणी जमविण्याचा शौक आपल्या हैदराबादेत नवा नव्हे. चारमिनारची छाप असलेला हाली सिक्का, त्यावरील हिजरी सन, युद्धकाळातला भोकाचा पैसा, होळकरांची व गायकवाडांची नाणी ह्यांची ओळख आपल्या कित्येक कुटुंबांत आजोबांच्या पेटीपासूनच होते. अलीकडे मात्र घरातील तरुण मुलामुलींचे लक्ष एका दूरच्या देशाकडे वळले आहे. कोरियन मालिका आणि कोरियन गाणी ह्यांच्या मागोमाग कोरियाची नाणीही त्यांच्या डब्यांत दिसू लागली आहेत. स्मरणिकेसाठी काही उपयुक्त लिहावे असे विश्वस्तांनी सुचविले तेव्हा हाच विषय घ्यावा असे मनात आले. कारण ह्यात शिकण्यासारखे पुष्कळ आहे, आणि पैसे बुडण्यासारखेही पुष्कळ आहे.

एक उदाहरण देतो. माझ्या शाळेतील दहावीच्या एका विद्यार्थ्याने ईदीचे व बक्षिसाचे साठविलेले साडेचार हजार रुपये देऊन परदेशातून एक पितळी नाणे मागविले. विकणाऱ्याने वर्णनात लिहिले होते की, हे कोरियाचे इ. स. १६३३ चे अतिदुर्मिळ नाणे आहे. नाणे मोठे, जड, मध्ये चौकोनी भोक असलेले. मुलाने ते मोठ्या अभिमानाने वर्गात आणले. मागील बाजूस भोकाच्या उजवीकडे व डावीकडे दोन अक्षरे होती. त्यांचा अर्थ 'पाचाच्या बरोबर', म्हणजे पाच मुन किमतीचे. कोरियात पाच मुनाचे हे नाणे प्रथम १८८३ साली निघाले. विकणाऱ्याने सांगितलेल्या सनात आणि नाण्याच्या खऱ्या वयात अडीचशे वर्षांचे अंतर! आणि गंमत अशी की, ही दोन्ही अक्षरे विकणाऱ्याने दिलेल्या छायाचित्रात स्वच्छ दिसत होती. फसवणुकीचा पुरावा चित्रातच होता. तो वाचणारे घरात कोणी नव्हते, एवढेच.

सराफाच्या दुकानात आपण नाणे हातात घेतो, दगडावर टाकून त्याचा नाद ऐकतो, कडा बोटांनी चाचपतो, शंका आली तर शेजारच्या दुकानी विचारून येतो. दूरच्या गिऱ्हाइकापाशी ह्यांतले काहीच नसते. त्याच्यापाशी असते फक्त चित्र आणि विकणाऱ्याचा शब्द. त्या शब्दाची परीक्षा चित्रावरूनच करावयाची असल्याने, जे आपणांस वाचता येत नाही ते नाणे विकत घेऊ नये, हा मी माझ्या विद्यार्थ्यांस घालून दिलेला पहिला नियम आहे. वाचावयास लागते ते फार थोडे. आठ-दहा अक्षरे आणि तीन-चार सनांची वजाबाकी आली की कोरियाची बहुतेक सर्व नाणी ओळखता येतात. जो मुलगा इंग्रजीचे स्पेलिंग पाठ करू शकतो, त्याला हे अवघड जाऊ नये.

कोरियाची जुनी नाणी ठोकलेली नसून ओतीव आहेत. पहिले नाणे गोर्यो घराण्याच्या काळी ९९६ साली निघाले, आणि ते लोखंडाचे होते. पुढे ११०२ पासून पितळेची व काशाची काही नाणी निघाली. जोसन घराण्यातील सेजोंग राजाने १४२३ साली आणखी एक प्रयत्न केला. कोरियन लिपी घडविणारा राजा तो हाच. परंतु लोक धान्याने व कापडाने व्यवहार करण्यास सरावलेले असल्याने नाणे काही रुजले नाही. ही सर्व नाणी आज दुर्मिळ व महाग आहेत आणि नवशिक्याने त्यांच्या वाटेस जाऊ नये. विकावयास जी येतात त्यांत नकला पुष्कळ असतात.

नवशिक्यासाठी खरे नाणे म्हणजे 'सांगप्यंग थोंगबो'. १६३३ साली ह्या नाण्याचा प्रयोग झाला, पण तो थोडक्यात आटोपला. देशभर ते चालू झाले १६७८ पासून, आणि पुढे दोन शतकांहून अधिक काळ ओतले जात राहिले. म्हणजे आपल्याकडे शिवछत्रपतींचा राज्याभिषेक होऊन चार वर्षे झाली तेव्हा हे नाणे सुरू झाले आणि राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीत बंद पडले. इतक्या दीर्घ काळात ते अगणित निघाले असल्याने साधा नग आजही माफक किमतीस मिळतो. म्हणून कोणी '१६३३' असा सन सांगू लागला की, आपण मनात '१६७८ च्या पुढचे' असे म्हणावे.

ह्या नाण्यावर चौकोनी भोकाभोवती चार चिनी अक्षरे असतात. वाचण्याचा क्रम प्रथम वर, मग खाली, मग उजवीकडे आणि शेवटी डावीकडे. खालचे अक्षर सर्वांत सोपे आहे : दोन आडव्या रेघा, त्यांच्यामध्ये दोन लहान तिरके ठिपके, आणि मधोमध खाली उतरणारी एक उभी रेघ. हे अक्षर ओळखता आले की अर्धे काम झाले. चीनच्या व जपानच्या नाण्यांनाही असेच चौकोनी भोक असते, आणि उजवी-डावीकडची दोन अक्षरे तर पुष्कळदा तीच असतात. त्यामुळे तिन्ही देशांची नाणी एका पिशवीत मिसळून 'कोरियन' म्हणून विकली जातात. अशा वेळी नाणे उलटून पहावे. चीनच्या शेवटच्या घराण्याच्या नाण्यांवर मागे बहुधा मांचू लिपीतील वळणदार उभी अक्षरे असतात. जपानच्या नेहमीच्या नाण्याची पाठ बहुतेक कोरी असते. कोरियाच्या नाण्यावर मात्र भोकाच्या वर एक चिनी अक्षर असते. ज्या सरकारी खात्याने ते नाणे ओतले त्याची ती खूण होय.

येथे थोडे थांबावेसे वाटते, कारण हा भाग मला फार आवडतो. कोरियात एकच टांकसाळ नव्हती. महसूल खाते, लष्करी पलटणींची कार्यालये, प्रांतांची कचेरी अशा अनेकांस नाणी ओतण्याची परवानगी होती, आणि प्रत्येकाचे अक्षर निराळे. ह्याखेरीज खालच्या बाजूस भट्टीचा किंवा खेपेचा अनुक्रम दाखविणारी खूण असे. हा अनुक्रम दाखविण्यासाठी त्यांनी कधी आकडे वापरले, कधी पंचमहाभूतांसारखी त्यांची पाच तत्त्वे वापरली, आणि कधी चक्क मुलांच्या पहिल्या पुस्तकातील अक्षरे वापरली. चीन-कोरियात मुलांस लिहावयास शिकविताना हजार अक्षरांचा एक पाठ देत. त्यातले कोणतेही अक्षर दोनदा येत नाही. त्याच क्रमाने भट्ट्यांच्या खेपा मोजल्या. आपल्याकडे क, ख, ग लिहून ठेवतात तसाच प्रकार. ह्या खुणांमुळे एकाच नाण्याचे हजारो प्रकार झाले आहेत, आणि केवळ ह्या एका नाण्यावर आयुष्य घालविणारे संग्राहक आहेत. एडगर मँडेल ह्या अमेरिकन अभ्यासकाने १९७२ साली कोरियाच्या ओतीव नाण्यांवर इंग्रजीत मोठा सचित्र ग्रंथ काढला. परदेशी संग्राहक अजूनही त्यातील चित्रांशी आपले नाणे ताडून पाहतात.

नाणी साच्यातून निघत तेव्हा फांदीला पाने लागावीत तशी एका दांड्याला चिकटलेली असत. त्यांस 'पानांचा पैसा' असे नाव पडले ते त्यामुळेच, असे सांगतात. ओतण्यासाठी आधी एक 'मातृनाणे' तयार करीत. ते वाळूत दाबून साचा उठवीत आणि त्यात धातू ओतीत. धातू थंड होताना आकसतो, म्हणून निघालेले नाणे मातृनाण्यापेक्षा किंचित लहान होते. आज नक्कल करणारे तेच करतात, फक्त मातृनाण्याच्या जागी चलनातले खरे नाणे दाबतात. म्हणून नक्कल खऱ्यापेक्षा थोडी लहान, आणि अक्षरांच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत निघतात. हे ध्यानी ठेवून विकणाऱ्यास नेहमी दोन गोष्टी विचाराव्या : व्यास किती मिलिमीटर, आणि वजन किती ग्रॅम. जो विकणारा ह्या दोन प्रश्नांचे उत्तर देत नाही त्याच्याकडे तिसरा प्रश्न विचारण्याचे कारण उरत नाही.

मोठे नाणे म्हणजे मौल्यवान, हा समज कोरियाच्या बाबतीत विशेष घातक आहे. १८६६ साली राजाच्या वडिलांनी, म्हणजे देवॉनगुन ह्यांनी, ग्यंगबोक राजवाड्याची उभारणी व इतर खर्च भागविण्यासाठी शंभर मुनाचे नाणे काढले. त्यातील धातूची किंमत साध्या पाच-सहा नाण्यांएवढी, आणि दर्शनी किंमत शंभर! तांदळाचे भाव भडकले, लोक नाणे घेईनात, आणि सुमारे सहा महिन्यांत ते ओतणे बंद करावे लागले. १८८३ च्या पाच मुनाच्या नाण्याचीही हीच कथा. आमच्या त्या विद्यार्थ्याने घेतलेले नाणे अशा प्रकारे मुळातच सरकारने आपल्या प्रजेस फुगवून दिलेले होते. पुढे तेच त्याला आणखी फुगवून देण्यात आले.

१८९२ पासून यंत्राने ठोकलेली गोल नाणी मिळतात. ह्यांच्यावरील सन वाचण्यास वजाबाकी करावी लागते. परंतु जो हिजरी सन, फसली सन आणि शालिवाहन शक ह्यांच्यामध्ये वाढला त्याला ह्याची धास्ती नको. १८९२ च्या नाण्यावर 'राज्यस्थापनेचे ५०१ वे वर्ष' असे चिनी आकड्यांत लिहिलेले असते. जोसन घराणे १३९२ साली आले, ते पहिले वर्ष धरून मोजावे. १८९७ पासून 'ग्वांगमु' वर्षे येतात, तेव्हा ग्वांगमु २ म्हणजे १८९८ आणि ग्वांगमु ९ म्हणजे १९०५. त्यानंतर १९०७ पासून 'युंगही' वर्षे, आणि युंगही ४ म्हणजे १९१०. त्या वर्षी जपानने कोरिया गिळंकृत केला आणि कोरियाचा नाणे-इतिहास जवळजवळ पन्नास वर्षे खंडित झाला. १९०५ नंतरची कोरियन नाणी जपानमधील ओसाकाच्या टांकसाळीत ठोकलेली आहेत, हे समजल्यावर त्या तारखांचा अर्थ अधिक उलगडतो.

ह्या काळातील निकेल-मिश्रित पाव यांगाचे नाणे खुद्द त्याच काळी इतके बनावट निघाले की १९०५ ची चलन-सुधारणा करताना ती मोठीच डोकेदुखी झाली. त्यामुळे त्या काळची बनावट नाणीही आज शंभर वर्षांची जुनी झाली आहेत! १८९२ चे पाच यांगाचे चांदीचे नाणे आणि १९०१ च्या सुमाराची गरुडछाप नाणी स्वस्तात विकावयास आली तर ती खोटी असे धरूनच चालावे. पाच यांगाचे खरे नाणे सुमारे २७ ग्रॅम भरते आणि त्याचा व्यास ३८ मिलिमीटर असतो. खोटे पुष्कळदा वजनातच पकडले जाते. ही नाणी घ्यावयाचीच असतील तर पीसीजीएस किंवा एनजीसी ह्यांसारख्या परीक्षक संस्थांनी तपासून पारदर्शक डबीत बंद केलेली घ्यावी. मात्र डबीही बनावट असू शकते. तिच्यावरील क्रमांक त्या संस्थेच्या नोंदीत घालून तेथील चित्र व आपले नाणे एकच आहे की नाही हे पाहिल्यावाचून पैसे देऊ नयेत.

स्वतंत्र कोरियाची पहिली नाणी १९५९ सालची. ती अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत ठोकली गेली : दहा, पन्नास आणि शंभर ह्वान. त्यांच्यावर सन छापला आहे ४२९२. हे पाहून एका गृहस्थांनी मला 'भविष्यकाळातले नाणे' मिळाल्याचे सांगितले होते. वास्तविक तो दानगुन सन होय. कोरियाचा पुराणप्रसिद्ध आद्य राजा दानगुन ह्याच्यापासून हा सन मोजतात. त्यातून २३३३ वजा केले की इसवी सन मिळतो. म्हणजे ४२९२ हे १९५९, आणि ४२९४ हे १९६१. शंभर ह्वानावर राष्ट्राध्यक्ष सिंगमन री ह्यांची मुद्रा आहे. १९६० च्या एप्रिलात विद्यार्थ्यांच्या उठावामुळे री ह्यांना पायउतार व्हावे लागले, आणि जून १९६२ मध्ये दहा ह्वानांचा एक वॉन झाला तेव्हा हे नाणे चलनातून गेले. दहा आणि पन्नास ह्वानाची नाणी मात्र एक व पाच वॉन म्हणून १९७५ पर्यंत चालत राहिली. तिन्ही नाण्यांचा हा लहानसा संच नवशिक्यास उत्तम. एका राष्ट्राच्या सोळा वर्षांचा इतिहास त्यात सामावतो.

ह्या १९५९ ह्या सालाचा आपल्याकडे एक विशेष उपयोग आहे. कोरियातील युद्ध थांबल्यावर, १९५३-५४ मध्ये, युद्धकैद्यांच्या देखरेखीसाठी भारताचे सैन्यदल तेथे गेले होते. त्याचे प्रमुख मेजर जनरल एस. पी. पी. थोरात हे आपल्या कोल्हापूरकडचे. त्याआधी १९५० पासून भारताचे लष्करी वैद्यकीय पथकही तेथे होते. 'आजोबांनी त्या वेळी आणलेले ह्वानाचे नाणे' अशी कथा सांगून कोणी नाणे पुढे केले, तर कथा बाजूस ठेवावी. त्या काळी तेथे चलन होते ते कागदी. ह्वानाचे नाणे जन्मावयास अजून पाच-सहा वर्षे होती. त्या जवानांच्या पेटीत नोटा सापडतील, आणि त्या जपण्याजोग्या आहेत.

१९६६ च्या ऑगस्टमध्ये कोरियाने आपल्याच टांकसाळीत एक, पाच आणि दहा वॉनची नाणी काढली. १९७० साली शंभर वॉन आले, त्यावर जपानी आरमारास हरविणारा सेनानी यी सुन-सिन आहे. १९७२ साली भाताच्या लोंबीचे पन्नास वॉन, आणि १९८२ साली उडत्या बगळ्यासारख्या सारस पक्ष्याचे पाचशे वॉन आले. येथून पुढे सन आपल्या ओळखीच्या आकड्यांत असल्याने वाचनाची अडचण नाही. किंमत ठरते ती केवळ सनावरून.

दहा वॉनचे उदाहरण घेऊ. त्यावर ग्यंगजू येथील दाबोताप हा दगडी स्तूप आहे. १९७० सालापर्यंत हे नाणे ८८ भाग तांबे आणि १२ भाग जस्ताचे, म्हणून लालसर. त्या वर्षाच्या मध्यात ते ६५ भाग तांबे व ३५ भाग जस्ताचे, म्हणून पिवळे झाले. साहजिकच १९७० चे नाणे लाल व पिवळे असे दोन तऱ्हांचे आहे, आणि लालास अधिक किंमत येते. आता रसायनशास्त्राचे शिक्षक सांगतील की, पितळ आम्लात बुडविले तर पृष्ठभागावरील जस्त आधी निघून जाते आणि नाणे लालसर दिसू लागते. आपल्या घरी चिंच लावून भांडी घासणाऱ्या बायांसही हे ठाऊक आहे. तेव्हा रंगावर जाऊ नये. लाल नाणे ४.२२ ग्रॅम व पिवळे ४.०६ ग्रॅम असते. चांगला तराजू हा फरक दाखवितो. २००६ च्या अखेरीपासून हे नाणे १८ मिलिमीटरचे, तांब्याचा पत्रा चढविलेल्या ॲल्युमिनियमचे, जेमतेम १.२२ ग्रॅमचे झाले. जुन्या नाण्यातले तांबे दहा वॉनपेक्षा महाग झाल्याने लोक ती वितळवू लागले होते. अखेर २०११ साली कायदा करून नाणी वितळविणे हा गुन्हा ठरवावा लागला.

पाचशे वॉनच्या नाण्यात सर्वांत प्रसिद्ध सन १९९८. आदल्या वर्षी कोरियावर परकीय चलनाचे भयंकर संकट कोसळले. लोकांनी देशासाठी घरातले सोने दिले, आणि डब्यांत साचलेली नाणीही बँकांत परत केली. नव्या नाण्यांची गरज उरली नाही. त्या वर्षी पाचशे वॉनची नाणी निघाली अवघी ८,०००, आणि तीही संग्राहकांच्या संचांसाठी; आधीच्या व नंतरच्या वर्षीची नाणी कोटींच्या घरात आहेत. म्हणून १९९८ चे सुटे, झिजलेले नाणे कोणी विकत असेल तर शेवटचा आकडा भिंगाने पहावा. सन खोदून बदलणे ही कला जगात सर्वत्र आहे. ह्याच नाण्याचा दुसरा एक प्रकार बाजारात येतो : मध्ये किंवा कडेस छिद्र पाडलेले. ही कोरियाची जुनी परंपरा नव्हे. पाचशे वॉन आणि जपानचे त्या वेळचे पाचशे येन ह्यांचा व्यास २६.५ मिलिमीटर, धातूही एकच. फक्त वजन ७.७ आणि ७.२ ग्रॅम. किंमत मात्र सुमारे एकास दहा. जपानमधील विक्री-यंत्रांस फसविण्यासाठी लबाड मंडळी छिद्र पाडून तेवढे वजन कमी करीत. जपानला २००० साली आपले नाणेच बदलावे लागले.

आता प्रत्यक्ष खरेदीविषयी. चालू नाण्यांसाठी पैसे खर्च करण्याचे मुळीच कारण नाही. परकीय चलन बदलून देणारे दुकानदार नाणी घेत नाहीत, त्यामुळे कोरियास जाऊन आलेल्या प्रत्येकाच्या खिशात थोडी नाणी उरतातच. पुण्याजवळ रांजणगावास एलजीचा कारखाना आहे. तेथील कोरियन कुटुंबांशी ओळख असलेली माणसे आपल्या नात्यात निघतील. सोलला कोणी जाणार असेल तर त्यास ह्वेह्यॉन येथील भुयारी बाजार दाखवावा. तिकिटे, नाणी व जुन्या तबकड्या विकणारी दुकाने तेथे ओळीने आहेत, आणि जवळच बँक ऑफ कोरियाचे चलन-संग्रहालय आहे. आधी संग्रहालय पहावे, मग बाजारात जावे. उलट क्रमाने गेल्यास खिसा लवकर रिकामा होतो.

घरबसल्या घेताना अडचण अशी की, कोरियातील पुष्कळ विक्री-व्यवस्था तेथील दूरध्वनी क्रमांकावरून ओळख पटवून घेतात, आणि परदेशी कार्ड चालतेच असे नाही. मग सोलमधील पत्त्यावर पार्सल उतरवून घेऊन पुढे पाठविणारे मध्यस्थ गाठावे लागतात. त्यांचा मोबदला, टपाल आणि येथील सीमाशुल्क मिळून एका स्वस्त नाण्याची किंमत सहज दुप्पट-तिप्पट होते. म्हणून एकेक नाणे न मागविता दोघा-तिघा मित्रांनी मिळून एकदाच मागवावे. पैसे कार्डानेच द्यावे, जेणेकरून तक्रार करता येईल. अनोळखी माणसाच्या खासगी खात्यात कधीही पाठवू नयेत. आणि प्रत्येक वेळी कोरियातूनच घेतले पाहिजे असेही नाही. कोरियाची अगदी पहिली स्मारक-नाणी १९७० ची, पाच हजार वर्षांच्या इतिहासाची, सहा सोन्याची व सहा चांदीची. ती परदेशांतच विकण्यासाठी काढलेली होती. ती युरोप-अमेरिकेतील व्यापाऱ्यांकडे शोधणे अधिक सयुक्तिक.

नाणी साध्या टपालात घालणे आंतरराष्ट्रीय टपाल-नियमांनी मना आहे, आणि काही खासगी कुरियर कंपन्या ती स्वीकारीतच नाहीत. तेव्हा नोंदणीकृत वा विमा उतरविलेले पार्सल पाठविण्यास सांगावे. पुष्कळ विकणारे आपण होऊन विचारतात, 'पाकिटावर भेटवस्तू म्हणून लिहू काय?' नको म्हणावे. २०१९ च्या डिसेंबरात भेट म्हणून शुल्कमाफीने वस्तू मागविण्याची सवलत सरकारने काढून टाकली आहे, राख्या व जीवरक्षक औषधे तेवढी वगळून. शिवाय खोटी किंमत लिहिलेले पार्सल हरवले तर भरपाईही त्या खोट्या किमतीचीच मिळते. सोन्याचांदीच्या नाण्यांचे नियम निराळे व वारंवार बदलणारे आहेत. ती मागविण्यापूर्वी सीमाशुल्क कचेरीत विचारून घ्यावे.

जुन्या नाण्यांस दोन्ही देशांचे कायदे लागतात. कोरियात जुन्या वस्तू बाहेर नेण्यापूर्वी त्यांची सरकारी तपासणी होते, त्यासाठी विमानतळांवर व बंदरांत कचेऱ्या आहेत. तपासणीचा कागद मागितल्यावर जो विकणारा विषय बदलतो, त्याच्याकडील नाणे खरे असले तरी आपण घेऊ नये. दुसऱ्या देशाची वस्तू चोरवाटेने यावी आणि आपण तिला कौतुकाने डबीत ठेवावे, हे शोभणारे नव्हे. आपल्या देवळांतून आणि दर्ग्यांतून गेलेल्या वस्तूंविषयी आपण किती हळहळतो ते आठवावे. इकडे आपल्या १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावस्तूच्या व्याख्येत येते, आणि पुरावस्तू परदेशी पाठविणे खासगी माणसास मना आहे. ह्यातून एक चमत्कारिक पेच निर्माण होतो. नाणे पसंत पडले नाही म्हणून परत धाडू म्हटले, तर ते खरे असल्यास धाडता येत नाही, आणि खोटे असल्यास ते खोटे आहे हे आधी सिद्ध करावे लागते! म्हणून जुन्या नाण्याच्या बाबतीत सर्व शंका मागविण्यापूर्वी फेडून घ्याव्या.

उत्तर कोरियाच्या नाण्यांविषयी मुले हटकून विचारतात. तेथे १९५९ पासून ॲल्युमिनियमची नाणी निघाली. त्यांतील काहींवर एक वा दोन तारे दिसतात. तारा नसलेले नाणे स्थानिक लोकांसाठी, एका ताऱ्याचे समाजवादी देशांच्या पाहुण्यांसाठी आणि दोन ताऱ्यांचे इतर परदेशीयांसाठी, असे नाणे-सूचीत दिलेले असते. नाणी कुतूहलाची खरी. परंतु एप्रिल २०१७ मध्ये भारत सरकारने त्या देशाशी अन्न व औषधे वगळता व्यापार बंद केला, तेव्हा तेथून काही मागविण्याच्या फंदात पडू नये. चित्रे पाहून समाधान मानावे.

पार्सल घरी आल्यावर ते फोडतानाच छायाचित्रे घ्यावी, नाणे कडेने धरावे, लगेच वजन व व्यास घेऊन विकणाऱ्याने दिलेल्या आकड्यांशी ताडावे. चिंच, राख, दात घासण्याची पूड, काहीही लावू नये. घासून चकचकीत केलेल्या नाण्याची किंमत उतरते. मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटांनी कालांतराने तांब्यावर हिरवा चिकट थर येतो, त्यापेक्षा कागदी पाकीट बरे. आणि एक वही ठेवावी : कोणते नाणे, कोणत्या अक्षरांवरून ओळखले, कोणाकडून व किती रुपयांना घेतले, टपाल किती, शुल्क किती. आमच्या त्या विद्यार्थ्याने आता अशी वही घातली आहे. पाच मुनाच्या त्या नाण्याची नोंद त्याने पहिल्या पानावर खऱ्या सनासह केली आहे, आणि त्याखाली मागील बाजूची दोन्ही अक्षरे स्वतःच्या हाताने काढली आहेत.